भांडारपालाच्या घरची आगगाडी

मागच्या श्रावणातील एका रविवारी मला माझ्या छंदातल्या छोट्या, मॉडेलच्या आगगाडीच्या एका मालडब्याचे तुटलेले कप्लिंग, म्हणजे डबे एकमेकांना जोडणारा आकडा, बदलायचे होते. काम दहा मिनिटांचे होते. डबा उलटा करायचा, बारीक स्क्रू काढायचा, जुने कप्लिंग काढून नवे बसवायचे आणि स्क्रू पुन्हा आवळायचा. नवे कप्लिंग घरात आहे याची मला खात्री होती, कारण ते मीच परदेशातून मागवले होते. जेवण झाल्यावर दोन वाजता शोधाला सुरुवात केली आणि सहा वाजता चहाची हाक आली, तेव्हा टेबलावर त्याच कप्लिंगची तीन न फोडलेली पाकिटे पडली होती. तिन्ही वेगवेगळ्या खोक्यांतून निघाली होती. याचा अर्थ यापूर्वी दोन वेळा मला ती सापडली नव्हती आणि दोन्ही वेळा मी ती नव्याने विकत घेतली होती. या शोधाशोधीत स्क्रूड्रायव्हर कुठेतरी ठेवला गेला, तो काही मिळेना, आणि कप्लिंग त्या दिवशी बदलायचे राहूनच गेले.

लाजेची गोष्ट अशी की माझी उभी नोकरी नाशिकमधील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या भांडार विभागात गेली. कोणत्या रॅकच्या कोणत्या कप्प्यात कोणते बेअरिंग आहे आणि त्याचे किती नग शिल्लक आहेत, हे बिन कार्डावर, म्हणजे कप्प्याला लावलेल्या साठ्याच्या नोंदीच्या कार्डावर, नजर टाकून सांगणारा मी माणूस, आणि माझ्या स्वतःच्या छंदाच्या खोलीत दिव्याखाली अंधार होता.

खोली गच्चीला लागून आहे, दहा बाय बारा फुटांची. तिच्यात तीन भिंतींच्या कडेने चार फूट उंचीवर मी कसारा ते इगतपुरी हा थळ घाट उभा करत आहे, एचओ प्रमाणात, म्हणजे मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याने. हा घाट १८६५ मध्ये वाहतुकीला खुला झाला, आणि त्याचा सर्वांत तीव्र चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर, असा आहे. त्यामुळेच मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला जादा इंजिने, म्हणजे बँकर, जोडावी लागतात. खोलीच्या हिशेबात हा चढ फार महाग पडतो. साडेसात सेंटिमीटर उंची गाठायला रूळ जवळजवळ पावणेतीन मीटर पळवावा लागतो, आणि खाली येतानाही तेवढाच. परिणामी माझी सगळी भिंत घाटाने खाल्ली आणि कपाटाला जागा उरली नाही. सामान ठेवायचे तर घाटाखाली किंवा पोटमाळ्यावर, तिसरी जागा नाही.

त्या रविवारनंतर मी प्रथम कारखान्याची पद्धत घरी आणली. प्रत्येक वस्तूला क्रमांक दिला, वही आखली, स्क्रू एकीकडे, वायरी दुसरीकडे, रूळ तिसरीकडे अशी जातवार विभागणी केली आणि प्रत्येक डब्यावर बिन कार्ड चिकटवले. दोन महिन्यांत ती व्यवस्था कोलमडली. कारखान्यात माल मागणारा खिडकीच्या बाहेर उभा असतो आणि देणारा आत असतो, चिठ्ठीवाचून काही हलत नाही. घरी देणारा मीच आणि घेणाराही मीच, शिवाय घेणाऱ्याच्या दोन्ही हातांना फेविकॉल लागलेला असतो. अशा वेळी वहीत नोंद कोण करणार? आणखी एक दोष हळूहळू लक्षात आला. रुळाचा एक तुकडा बसवायचा म्हटले की पाच जातींच्या पाच डब्यांतून वस्तू काढाव्या लागत, आणि काम संपल्यावर पाचही डब्यांत परत टाकायचा कंटाळा येई. मग त्या सगळ्या वस्तू मिळून टेबलावरच एक सहावा डबा तयार होत असे.

उत्तर स्वयंपाकघरात होते, आणि ते रोज जेवत असूनही मला दिसले नव्हते. मिसळणाच्या डब्यात मोहरी हे बी आहे, हळद हा कंद आहे, हिंग हा झाडाचा चीक आहे आणि तिखट हे फळाचे चूर्ण आहे. भांडारपालाने या चार वस्तू चार वेगळ्या विभागांत लावल्या असत्या. गृहिणी त्या एकाच गोल डब्यात ठेवते, कारण त्या एकाच तेलात एकाच मिनिटात पडायच्या असतात. वस्तूची जात काय हे तिथे कोणी विचारत नाही, ती कोणत्या कामाला लागते एवढेच पाहिले जाते.

त्यानुसार मी सगळे सामान पुन्हा लावले. आता माझ्याकडे रूळकामाची पेटी आहे, वायरकामाची आहे, चाके आणि कप्लिंगांची आहे, आणि डोंगर-झाडीची आहे. रूळकामाच्या पेटीत रूळ कापायची कटर, कानस, खिळे, फिशप्लेटी (रुळांचे तुकडे जोडायच्या पट्ट्या), मोजपट्टी आणि पॉलिश पेपरचा छोटा तुकडा असे सगळे एकत्र असते. पेटी उचलली की काम उचलले. काही हत्यारे दोन-तीन पेट्यांत लागतात, तर ती मी दोन-तीन घेतली. एकाच वस्तूचा तिप्पट साठा पाहून माझ्या जुन्या साहेबांनी खुलासा मागितला असता. पण बारीक स्क्रूड्रायव्हरसाठी चौथ्यांदा घर पालथे घालण्यापेक्षा तीन स्क्रूड्रायव्हर मला परवडतात.

पहिला प्रयोग तर मी थेट मिसळणाच्या डब्यावरच केला. त्याच्या सात वाट्यांत साध्या फिशप्लेटी, विद्युतरोधक प्लास्टिकच्या फिशप्लेटी, रुळाचे खिळे, दोन मिलिमीटरचे स्क्रू, त्यांच्या नट, वायशर आणि कप्लिंगच्या स्प्रिंगा असे इतके नेमके बसले की जणू तो डबा त्यासाठीच घडवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी खालून आवाज आला, “अहो, माझा जुना मिसळणाचा डबा पाहिलात का?” मी म्हटले, “अगं, तो तू वापरत नव्हतीस ना?” त्यावर जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही. पुढच्या रविवारी भांडी बाजारातून स्टीलचा नवा डबा आणला, त्याचे झाकण काचेचे आहे, त्यामुळे न उघडता आतले दिसते. एक तोटा मात्र सांगितला पाहिजे. डबा कलंडला तर सातही वाट्यांची मिसळ होते. म्हणून कप्लिंगच्या स्प्रिंगा मी त्यातून काढल्या. त्यांची तार केसाएवढी जाड आणि लांबी तांदळाच्या कणीएवढी असते, आणि चिमट्यातून सुटल्या की त्या कुठे गेल्या हे कोणालाच कळत नाही. त्या आता होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या काचेच्या बाटल्यांत राहतात. आमच्या घरात या बाटल्यांना तोटा नाही. बाटली बुचाची असली की आडवी पडली तरी काही सांडत नाही, आणि एक स्प्रिंग हवी असेल तर बाटली तिरकी करून बोटाने टिचकी मारली की एकच बाहेर येते.

सुटे रूळ ठेवण्याचा प्रश्न वेगळा होता. हवा तसा वाकणारा रूळ साधारण ९१४ मिलिमीटरच्या, म्हणजे एका वाराच्या, लांबीत येतो. तो उभा टेकवून ठेवला तर स्वतःच्या वजनाने बाक घेतो, आडवा ठेवला तर त्यावर काहीतरी ठेवले जाते आणि स्लीपरांच्या बारीक खुणा मोडतात. मी चार इंची पीव्हीसी पाइपाची दहा फुटी नळी आणून तिचे तीन तुकडे केले, प्रत्येकाच्या एका तोंडाला झाकण बसवले आणि ते टेबलाखाली आडवे टांगले. एका नळीत नवे रूळ, एकीत वापरलेले पण चांगले आणि तिसरीत तुकडे.

आता नाशिकच्या हवेविषयी. बाहेरून आलेल्या माहितीत सामान कसे लावावे हे पुष्कळ सांगितलेले असते, पण जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते आणि एप्रिल-मे महिन्यांत वरचा स्लॅब तापून खोलीची भट्टी होते, अशा ठिकाणी ते सामान टिकवायचे कसे, हे आपले आपणच शिकावे लागते. मी ते दोन चुका करून शिकलो.

पहिली चूक द्राक्षांच्या पेट्यांची. निफाड तालुक्यात माझ्या पुतण्याची बाग आहे. निर्यातीच्या द्राक्षांसाठी आणलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्या दरवर्षी काही उरतात. मजबूत, एकसारख्या मापाच्या, एकावर एक नीट बसणाऱ्या. यापेक्षा चांगले काय हवे, असे वाटून मी वीस-बावीस पेट्या आणल्या आणि त्यांत सामान भरले. दिवाळीच्या सुमारास रुळांची एक पेटी उघडली, तर आतले रूळ काळपट पडलेले होते आणि पितळी चाकांवर हिरवट डाग आले होते. शेजारच्या पेटीतले रूळ मात्र स्वच्छ होते. तळाशी हात घातल्यावर कारण सापडले. द्राक्षांवर बुरशी येऊ नये म्हणून या पेट्यांत एक कागदी पॅड घालतात. त्यातील रसायन ओल शोषून हळूहळू सल्फर डायऑक्साइड वायू सोडते. द्राक्षांना तो वाचवतो, पण पावसाळी दमटपणात तोच वायू तांब्याच्या मिश्रधातूंना खातो. मॉडेलच्या रुळांचा निकेल सिल्व्हर हा धातू नावात चांदी मिरवतो, पण प्रत्यक्षात तो तांबे, जस्त आणि निकेल यांचा असतो. त्या पेटीत तो पॅड तसाच राहिला होता आणि मी न पाहता वर रूळ रचले होते. पुतण्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “काका, ते मी सांगायला हवं होतं, पण तुम्ही त्यात आगगाडी ठेवाल हे मला काय माहीत?” आता पेट्या मी आणतो, पण उघड्या करून दोन दिवस उन्हात ठेवतो आणि त्यांत फक्त प्लास्टिकच्या इमारती, कागद आणि पुठ्ठा ठेवतो.

दुसरी चूक इंजिनांची. महागडी इंजिने मूळच्या खोक्यात ठेवणे हेच सुरक्षित, असे मी मानत होतो. पोटमाळ्यावर सहा-सात वर्षे राहिलेले एक इंजिन बाहेर काढले, तेव्हा खोक्यातला मऊ फोम गुळासारखा चिकट होऊन इंजिनाच्या टपावर बसला होता. उष्णता आणि दमट हवा यांनी पॉलियुरेथेन फोम हळूहळू विघटित होतो, आणि तो रंगाला चिकटला की रंग घेऊनच सुटतो. त्या इंजिनाचे टप मला पुन्हा रंगवावे लागले. तेव्हापासून सगळ्या खोक्यांतला असा फोम मी काढून टाकला आणि त्याजागी फळांना घालतात तो पांढरा जाळीदार पॉलिथिनचा फोम कापून घातला. तो असा चिघळत नाही. शिवाय इंजिन आधी पातळ टिश्यूत गुंडाळतो, चाकांवरची रबरी रिंग कशालाही दाबून राहणार नाही हे पाहतो आणि पॅन्टोग्राफ, म्हणजे टपावरचा वरच्या तारेला टेकणारा सांगाडा, खाली बसवूनच खोके बंद करतो.

ओल शोषायला प्रत्येक बंद डब्यात सिलिका जेलची पुडी असते. निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की ते एका जुन्या, स्वयंपाकातून निवृत्त झालेल्या ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा निळे करतो. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते, म्हणून घरच्या कढईत हा उद्योग करायचा नाही. पावसाळ्यात ही फेरी दर पंधरा दिवसांनी होते, हिवाळ्यात पुड्यांकडे पाहावेही लागत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसची गोष्टही तीच आहे. उघड्या पिशवीतले प्लास्टर पावसाळा संपेपर्यंत गोळे धरते आणि नंतर नीट बसत नाही, त्यामुळे ते घट्ट झाकणाच्या बरणीत आणि लागेल तेवढेच आणायचे.

रंग आणि थिनर मी त्या खोलीतून पूर्णपणे हलवले. तापलेला स्लॅब, सोल्डरिंग आयर्न आणि थिनरची बाटली एका छपराखाली नको, एवढे कारखान्याने मला शिकवले आहे. त्यांच्यासाठी खाली जिन्याच्या सावलीत एक लोखंडी कपाट आहे. प्रत्येक बाटलीच्या झाकणावर त्याच रंगाचा ठिपका आणि उघडल्याची तारीख असते, कारण वरून पाहिले की सगळी झाकणे सारखीच दिसतात. झटपट चिकटणारा गोंद फ्रिजमध्ये, सिलिकाच्या पुडीसह बंद डबीत असतो. तो बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायचा नाही. गार नळीत हवेतल्या वाफेचे पाणी होते आणि हा गोंद घट्ट होतो तो ओलीनेच.

डोंगर-झाडीचे सामान हा माझा आवडता विभाग आहे आणि त्याला सगळ्यांत जास्त जागा लागते. गंजासाठी मी गेरू वापरतो. गंज आणि गेरू दोन्ही मुळात लोहाचे ऑक्साइडच, त्यामुळे नक्कल म्हणावी की अस्सल, हा प्रश्नच उरत नाही. मातीसाठी वापरलेली चहापत्ती वाळवून ठेवायची पद्धत मात्र मी सोडली. दोन वेळा तिला बुरशी आली आणि एकदा ती बुरशी इगतपुरीच्या फलाटापर्यंत पोचली.

खडीची गंमत थोडी सविस्तर सांगतो. आपल्याकडे रुळाखाली जी काळ्या दगडाची खडी घालतात, ती साधारण २० ते ६५ मिलिमीटरची असते. तिला सत्त्याऐंशीने भागले की पाव ते पाऊण मिलिमीटर उरते, म्हणजे खडी कसली, ती जाडसर रेतीच. आमच्याकडचा बेसॉल्टचा, म्हणजे त्याच काळ्या दगडाचा, क्रशसँड (दगड भरडून केलेली वाळू) धुऊन, वाळवून तो आधी रव्याच्या चाळणीतून काढला आणि मग खाली राहिलेला मैद्याच्या चाळणीतून चाळला, की मधला भाग हवा त्या मापाचा मिळतो, आणि रंग तर मूळचाच असतो. यात एक मेख आहे. बेसॉल्टमध्ये चुंबकीय खनिजाचे कण असतात. ते रुळावर सांडले तर इंजिनाच्या मोटारीतले चुंबक त्यांना ओढून घेते आणि दातेरी चाके घासली जातात. म्हणून चाळलेली खडी ताटात पसरून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले जुन्या स्पीकरचे चुंबक तिच्यावरून फिरवायचे. पहिल्या फेरीत पिशवीला काळी मिशी फुटते. चुंबकाला काही लागेनासे झाले की मगच ती खडी बरणीत भरायची, आणि न तपासलेली खडी इंजिनांच्या खोलीत येऊच द्यायची नाही. ती गच्चीवर राहते. हा नियम मी एकदाही मोडलेला नाही.

घाटाखालच्या जागेविषयी थोडेसे. तिथे सुरुवातीला मी लोखंडी अँगलचे रॅक उभे करणार होतो, पण टेबलाखालच्या वायरी दुरुस्त करायला तिथे शिरावे लागते, आणि रॅक असेल तर शिरता येत नाही. म्हणून आता तिथे स्थिर असे काहीच नाही. जड वस्तूंसाठी टोमॅटोची प्लास्टिकची कॅरेट आहेत, हलक्यांसाठी द्राक्षांच्या पेट्या, आणि सगळे कॅस्टर, म्हणजे छोटी फिरती चाके, लावलेल्या फळ्यांवर. पायाने ढकलले की बाहेर येते. समोर जाड कापडाचा पडदा आहे, कारण कॅरेटच्या जाळीतून धूळ आणि पाली दोन्ही आत जातात. वायरींची रिळे पडद्याच्याच जुन्या दांडीवर ओवली आहेत.

व्यवस्थेत दोन गोष्टी अजून बसलेल्या नाहीत. पहिली म्हणजे ‘किरकोळ’ असे लिहिलेली पेटी. कामानुसार वाटणी केली की कोणत्याच कामात न बसणारे काहीतरी उरतेच. अनोळखी गियर, कशाची तरी अर्धी खिडकी, एकच चाक. तीन महिन्यांनी ती रिकामी करायची असे ठरवले होते, प्रत्यक्षात आता तिच्या दोन पेट्या झाल्या आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे झाडे. तारेच्या फांद्या पिळून केलेली दीडशे झाडे आडवी ठेवता येत नाहीत, पाने गळतात. ती थर्मोकोलच्या पाट्यांत खोचून उभी ठेवली आहेत, आणि त्या पाट्यांना घाटाखाली उंची पुरत नाही. सध्या ती झोपण्याच्या खोलीतील कपाटावर, प्रवासाच्या बॅगांच्या शेजारी आहेत. पुढच्या महिन्यात लग्नाला जायचे आहे आणि बॅगा काढायच्या आहेत, तेव्हा “अहो, तुमचे जंगल उचला,” अशी सूचना कालच मिळाली आहे.